वडप्याच्या काट्याची भागीदारी

वडप्याला हायवेच्या कडेला आमचा एक काटा आहे. काटा म्हणजे मालाच्या ट्रकांचं वजन करायचा मोठा वजनकाटा. जमिनीच्या पातळीला बसवलेला लांबलचक लोखंडी प्लॅटफॉर्म आणि शेजारी एक केबिन. गाडी आधी रिकामी चढते, नंतर माल भरून चढते, आणि दोन्ही वजनांची पावती घेऊन निघून जाते. काम एवढंच. पण ते चोख झालं नाही, तर गोदामवाला, गाडीवाला आणि माल घेणारा अशी तिघांत जुंपते.

‘आमचा’ हा शब्द आज मी सहज लिहिते. मध्यंतरी दीड वर्ष तो नेमका कोणाचा, हे कोर्टाच्या फाइलीत अडकून पडलं होतं.

माझे वडील भिवंडीत सरकारी कचेरीत कारकून होते. वडप्याचे एक शेतकरी सातबाऱ्यावरच्या चुकीच्या नोंदीसाठी त्यांच्याकडे खेपा घालायचे. नोंद दुरुस्त व्हायला वर्ष लागलं, आणि तोवर दोघांची मैत्री झाली. मी त्यांना काका म्हणायचे. वडील निवृत्त झाले त्या सुमारास काकांच्या हायवेलगतच्या शेतात भात येईनासा झाला होता. दोन्ही बाजूंना गोदामांसाठी भराव पडला आणि पाणी मध्येच तुंबायला लागलं. काका म्हणाले, “साहेब, जागा माझी, कागदाचं डोकं तुमचं. काय तरी करू.” त्यातून काटा उभा राहिला. वडिलांनी यंत्राचा खर्च उचलला, काकांनी जागा दिली. भागीदारीचा करार वडिलांनी स्वतःच लिहिला, स्टँप पेपरवर, दोन पानी, सुवाच्य मराठीत. त्यात एक कलम होतं: मतभेद झाल्यास दोघांनी बसून आपसांत मिटवावेत. पंधरा वर्षं त्यांनी ते पाळलं. दोघांतला एक नसला तर काय करायचं, हे मात्र वडिलांना सुचलं नव्हतं.

वडील रोज दहा वाजता डबा घेऊन काट्यावर जायचे. मी भिवंडीत मराठी शाळेत विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही. घरी आई आणि मी. त्या पंधरा वर्षांत मी काट्यावर गेले असेन ती चार वेळा, तीही वडिलांची औषधं पोचवायला. गाड्यांची धूळ, हॉर्न, ड्रायव्हरांच्या शिव्या. ती माझी जागा आहे असं मला कधी वाटलंच नाही.

वडील गेले ते झोपेतच. तेराव्याला काका सगळं घर घेऊन आले, आईसमोर बसले आणि लहान मुलासारखे रडले. निघताना त्यांचा मुलगा, तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, कोणाशी तरी बोलताना हसत म्हणाला, “ताई काय आता काट्यावर बसनार हाय काय!” त्याच्या मनात काही नसेल. पण दुःखात माणसाचे कान फार तिखट होतात. मी ते वाक्य घेऊन बसले.

चार महिन्यांनी शाळेत वार्षिक परीक्षा चालू असताना पोस्टमन रजिस्टर आणून देऊन गेला. काकांच्या वकिलाची इंग्रजीत नोटीस. एका भागीदाराच्या मृत्यूमुळे भागीदारी संपुष्टात आली आहे. मयताच्या वारसांनी यंत्राचा जो काही मोबदला निघेल तो घेऊन हक्क सोडावा. वडिलांचा उल्लेख ‘डिसीज्ड’, म्हणजे मयत, असा. मी तो कागद तीनदा वाचला आणि दुपारच्या पेपरला पर्यवेक्षण करायला गेले. मुलं काय लिहीत होती, कोण कोणाचं बघत होतं, मला काहीही दिसत नव्हतं.

आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, “त्यांनी पाठवलंय? नक्की त्यांनीच? फोन तर कर.”

मी फोन केला नाही. नोटीस पाठवणाऱ्याला कसला फोन करायचा! मी ओळखीच्या एका वकिलांकडे गेले. त्यांनी वडिलांचा करार वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “अक्षर छान आहे. पण बाई, तुमचे वडील आणि ते काका, दोघंच भागीदार होते. दोघांतला एक गेला की उरतो एक, आणि एकट्याची भागीदारी होत नाही. कायद्यानं ती फर्म संपली. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही.”

“मग माझं काहीच नाही?”

“तसं कसं? तुमच्या वडिलांचा हिस्सा तुमचाच आहे. पण जमीन त्यांची. यंत्र त्यांच्या जमिनीत रुतलेलं. तुम्ही ते उपटून शाळेत नेणार आहात का?”

मी नोटिशीला कडक उत्तर दिलं. मग काकांनी दावा लावला. मग मी ‘जैसे थे’चा आदेश मागितला आणि तो मिळाला, म्हणजे निकालापर्यंत काट्यात कोणी काही फेरबदल करायचा नाही. तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं. पण काट्याचं दर वर्षी सरकारी स्टॅम्पिंग व्हावं लागतं. वजन बरोबर दाखवतो अशी मोहोर असल्याशिवाय तो चालवता येत नाही. ती मुदत जूनमध्ये संपली. परवाना फर्मच्या नावावर, अर्जावर सह्या भागीदारांच्या, आणि भागीदार कोण यावरच तर भांडण! स्टॅम्पिंग राहिलं आणि काटा बंद झाला. गाड्या पुढच्या काट्यावर जाऊ लागल्या. म्हणजे आम्ही दोघांनी मिळून, कायदेशीर मार्गानं, आमचाच काटा बंद पाडला.

कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. व्हरांड्यात एकच लांब बाक होता. त्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला काका. दोघांच्याही वकिलांनी बजावलं होतं, समोरच्याशी अवाक्षर बोलायचं नाही. काकांनी त्यावर स्वतःचा उपाय काढला. ते समोरच्या भिंतीशी बोलायचे.

“आज गरमी लय हाय,” ते भिंतीला म्हणायचे. “मानसानं पानी बरोबर ठेवावं.”

आणि पाण्याची बाटली बाकावर मधोमध ठेवायचे. मी घ्यायचे नाही. एकदा ते भिंतीला म्हणाले, “म्हातारीचं गुडघं कसं हायत कोन जाने.” मी इतकी अडमुठी, की भिंतीलासुद्धा उत्तर दिलं नाही. घरी येऊन मात्र आईला सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. ती हसली आणि म्हणाली, “दोघांना एका खोलीत कोंडायला हवं.”

नेमकं तेच झालं. चौथ्या की पाचव्या तारखेला न्यायाधीशांनी दोन्ही वकिलांना विचारलं, “हा दावा मध्यस्थीला का पाठवू नये?” वकिलांनी माना डोलावल्या आणि आमची फाइल मध्यस्थीला गेली.

मध्यस्थ म्हणून एक वयस्कर वकीलबाई होत्या. खोली लहान, टेबल गोल, खिडकीत तुळशीचं रोप. त्यांनी आधी सांगून टाकलं, “मी न्यायाधीश नाही. मी निकाल देणार नाही. इथे बोललेलं कोर्टात कोणी वापरायचं नाही. तेव्हा मोकळेपणानं बोला. आणि भिंतीशी नाही, एकमेकांशी.” व्हरांड्यातला प्रकार त्यांच्या कानावर गेला होता. काका ओशाळून हसले.

मग त्यांनी विचारलं, “नोटीस पाठवायच्या आधी तुम्ही दोघं काय बोललात?”

काका माझ्याकडे पाहायला लागले, मी काकांकडे.

“काय न्हाय,” काका म्हणाले.

“काहीच नाही,” मी म्हणाले.

“तेराव्यापासून नोटिशीपर्यंत चार महिने. काहीच नाही?” बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं. “मग आता बोला. काका, तुम्ही आधी. नोटीस का पाठवलीत?”

काकांनी टोपी काढून हातात घेतली. “बाई, हिनं बापाचा हिस्सा इकायला काढला. मना न इचारता. गोदामवाल्यांचा मानूस काट्यावर आला नि सांगून गेला, मास्तरीनबाईंचा हिस्सा आम्ही घेतो, बोलनी चालू हायत. आता सांगा, तो कोन कुठचा मानूस माझ्या शेताच्या मधी येऊन बसनार? आज काटा घेईल, उद्या वाट मागंल, परवा सगळं शेत. आजूबाजूला तेच झालंय. म्हून पोराला म्हटलं, वकिलाकडं जा.”

मला तो माणूस आठवला. तो माझ्याकडेही आला होता. वडील जाऊन महिना झाला असेल. नीटनेटका शर्ट, हातात मिठाईचा खोका. दारातच म्हणाला, की तुमच्या वडिलांचा हिस्सा आम्ही चांगल्या भावानं घेऊ. मला तेव्हा कोणाशीच बोलायची शक्ती नव्हती. त्याला घालवायचं म्हणून मी म्हणाले, “बघते.” एवढाच शब्द. दार लावलं आणि तो माणूस, तो खोका, सगळं विसरून गेले. आणि तो माणूस त्या एका ‘बघते’ची ‘बोलणी’ करून थेट वडप्याला गेला होता.

मी ते तसंच्या तसं सांगितलं. विकायचं माझ्या मनातही नव्हतं, हेही सांगितलं.

काका म्हणाले, “मग मना एक फोन का न्हाय केलास? पोरी, मानूस दारात आला व्हता एवढं तरी सांगायचं.”

“आणि तुम्ही का नाही केलात? त्यानं सांगितलं ते खरं मानलंत. मला विचारलं का नाहीत?”

“तू काट्यावर कधी आलीस?” काकांचा आवाज चढला, पण त्यात राग नव्हता, गाऱ्हाणं होतं. “साहेब गेले, त्यांची खुर्ची रिकामी. मी रोज वाट बघायचो. आज येल, उद्या येल. एकदा पन न्हाय आलीस. मग मी काय समजू? मी समजलो हिला न्हाय पायजे.”

बाईंनी मला विचारलं, “का नाही गेलात?” मग मी त्यांच्या मुलाचं तेराव्याचं वाक्य सांगितलं. सांगताना मला लाज वाटली, इतकं ते लहान होतं. काकांनी कपाळावर हात मारला.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं, पण गैरसमज मिटला म्हणून भांडण मिटत नाही. पुढच्या बैठकीला बाईंनी काकांच्या मुलालाही बोलावलं. तो आला तो तयारीनं. त्यानं आधी माफी मागितली, “ताई, मी गंमतीत बोललो व्हतो.” आणि मग म्हणाला, “पन खरं बोलू का? साहेब गेल्यापासून बंद पडेपर्यंत काट्यावर मी बसलो. बारा-बारा तास. बाबांना आता दिसत न्हाय नीट. आता ताई घरी बसून अर्धी मालकीन आनि मी काय? माझं नाव कुठल्याच कागदावर न्हाय.”

त्याचं म्हणणं खरं होतं. रागाच्या भरात दीड वर्षात माझ्या हे एकदाही लक्षात आलं नव्हतं, की या भांडणात एक तिसरा माणूस आहे आणि सगळ्यात जास्त काम त्याचं आहे. मी तसं बोलून दाखवलं. तो गोंधळला, बहुतेक वाद घालायची तयारी करून आला होता आणि वाद मिळालाच नाही.

वाट वकीलबाईंनी दाखवली. त्या म्हणाल्या, “जुनी भागीदारी कायद्यानं संपलीच आहे. तिच्यावर कशाला भांडता? नवी करा. आणि या वेळी तिघांची करा. दोघांत एक गेला की सगळं कोसळतं. तिघं असलात आणि करारात तसं लिहिलंत, तर उरलेले दोघं पुढे चालवू शकतात.”

काका म्हणाले, “म्हंजे मी मेलो तरी चालंल?”

“काटा चालेल,” बाई म्हणाल्या. “तुम्ही मात्र इतक्यात जाऊ नका. सही बाकी आहे.”

पहिल्यांदाच आम्ही चौघं एकत्र हसलो.

करार लिहायला दोन महिने आणि पाच बैठका लागल्या. जमीन काकांची आणि काकांचीच राहील. काट्याला ती वापरायचा हक्क लेखी. कोणालाही आपला हिस्सा बाहेरच्याला द्यायचा असेल, तर आधी उरलेल्या दोघांना विचारायचं. रोजचं काम मुलाकडे, म्हणून त्याचा वाटा मोठा. हे मीच सुचवलं. कागदपत्रं, परवाने, स्टॅम्पिंग माझ्याकडे. रविवारी आणि शाळेच्या सुट्टीत काट्यावर मी बसायचं. आणि वाद झाला, तर वकिलाकडे जायच्या आधी तिघांनी काट्यावर समोरासमोर बसून बोलायचं. नाहीच मिटलं तर मध्यस्थाकडे. कोर्ट सगळ्यात शेवटी. मसुदा मी मराठीत लिहिला, बाईंनी तो कायद्यात बसवला. काका म्हणाले, “वाच. मना समजंल असं वाच.” मी सगळं मोठ्यानं वाचलं. ‘उपरोक्त’ आणि ‘तद्नंतर’ आले की ते हात वर करायचे, आणि मी ते शब्द खोडायचे. कोर्टात तडजोडीचा कागद दाखल झाला, दावा निकाली निघाला. बाहेर आल्यावर काकांनी बाटली पुढे केली आणि मी पाणी प्यायले. उकडत होतंच.

काटा उघडायला गेलो तेव्हा प्लॅटफॉर्मच्या फटींतून गुडघाभर गवत वर आलं होतं. गवत काढलं, केबिन धुतली. खालचा खड्डा साफ करायला माणसं उतरली आणि ओरडत वर आली. आत चांगली दोन हात लांबीची घोरपड बसली होती. काकांनी सगळ्यांना मागे सारलं, बांबूनं हळूच तिला वाट दाखवली आणि म्हणाले, “जा बाय. तुझा करार संपला.”

स्टॅम्पिंगच्या दिवशी निरीक्षक आले. प्रमाणित वजनं भरलेली गाडी आली, वजनं एकेका कोपऱ्यावर ठेवून झाली. मी शाळेत मुलांना तराजू शिकवते, पण एवढा मोठा तराजू कोपऱ्याकोपऱ्यानं तपासला जाताना पहिल्यांदाच पाहत होते. एका कोपऱ्याला फरक निघाला, मेकॅनिकनं तो दुरुस्त केला, आणि संध्याकाळी मोहोर बसली. अर्जावर आमच्या तिघांच्या सह्या होत्या.

पहिल्या रविवारी मी केबिनमध्ये बसले. काका बाहेर बाकावर. एक ट्रक आला, ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं, “मॅडम, चाचा नहीं हैं क्या?” म्हटलं, “हैं, पर वजन मैं करूँगी.” त्यानं गाडी चढवली. आकडा मला कमी वाटला. खिडकीतून वाकून पाहिलं, तर मागचं चाक प्लॅटफॉर्मच्या बाहेर. मी म्हणाले, “भैया, पिछला चक्का ऊपर लो.” तो म्हणाला, “लिया है मॅडम.” मी म्हणाले, “तो फिर उतरके मुझे दिखाओ.” तो उतरला नाही, गाडी गुपचूप हातभर पुढे घेतली. बाहेर काका भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांचे खांदे हलताना दिसले. ते हसत होते.

त्याला आता तीन वर्षं झाली. आमच्यात वाद होत नाहीत असं नाही. मी बायकांसाठी संडास बांधायचं काढलं, तेव्हा काकांचा मुलगा म्हणाला, “हायवेच्या काट्यावर बायका येतातच कुठं?” मी म्हणाले, “दर रविवारी एक येते.” त्याला प्लॅस्टिकचा तयार ठोकळा आणून उभा करायचा होता, मला विटांचं बांधकाम हवं होतं. तीन आठवडे आमचं जमलं नाही. करारातल्या कलमाप्रमाणे आम्ही काट्यावर समोरासमोर बसलो. काकींनी घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी पाठवली होती. भाकरी संपेपर्यंत कोणी विषय काढला नाही. नंतर दहा मिनिटांत ठरलं: विटांचं, पण जागा तो म्हणेल ती. आता तो ड्रायव्हरांना आपणहून सांगतो, की इथे लेडीजसाठी सोय आहे. मागच्या पावसाळ्यात आपल्या नवऱ्याबरोबर गाडीत फिरणारी एक बाई खाली उतरली, जाऊन आली आणि केबिनच्या खिडकीशी येऊन मला नुसता नमस्कार करून गेली.

आईनं मात्र इतक्या वर्षांत काटा पाहिलाच नव्हता. गेल्या रविवारी तिला रिक्षानं घेऊन गेले. काकीही गावातून आल्या. दुपारी गाड्या नव्हत्या. दोघी एकमेकींचा हात धरून प्लॅटफॉर्मवर चढल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या, फोटोला उभं राहावं तशा. आमचा काटा दहा किलोच्या टप्प्यानं मोजतो. आकडा दिसला, एकशे दहा.

आई म्हणाली, “त्यातले माझे चाळीसच.”

काकी म्हणाल्या, “वा गं वा! म्हंजे मी सत्तर?”

काकांचा मुलगा आतून ओरडला, “भांडू नका. दोघींची एकच पावती निघंल.” आणि त्यानं खरंच ती काढून दिली. आईनं घडी घालून पर्समध्ये ठेवली. परतताना रिक्षात तिनं ती दोनदा काढून पाहिली आणि मला विचारलं, “पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं?”